आपटेकर आपट्यात सापडत नाहीत

आपटा हे गाव तुम्ही बहुतेक पाहिलेलं आहे, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'च्या शेवटी सिमरन ज्या फलाटावरून धावत सुटते, तो फलाट आपट्याचा. सिनेमात ते पंजाबातलं स्टेशन आहे. प्रत्यक्षात पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या मार्गावर रसायनीच्या पुढचं छोटंसं स्टेशन, जवळ पाताळगंगा आणि एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका. परदेशात वाढलेला मुलगा आपल्या माणसाला शोधत गावी येतो अशी ती गोष्ट. मी सांगणार आहे ती गोष्टही तशीच आहे, पण तिच्यात शोधायचं माणूस जिवंत नाही आणि ते आपट्यातून नेमकं कधी निघालं हेही कोणाला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढंच, की त्या घराण्याचं आडनाव आपटेकर.

मी आपट्यात वाढलो, इंजिनिअर झालो, आता सॉफ्टवेअर लिहितो. माझं आडनाव आपटेकर नाही. शाळेत माझ्या वर्गातही कोणी आपटेकर नव्हतं. यात नवल नाही. कोकणातली '-कर' आडनावं अशीच चालतात. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने ओळखून काय उपयोग, तिथे सगळेच त्या गावचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक विचारतात, "कुठले तुम्ही?" आणि त्या उत्तराचं आडनाव होतं. म्हणजे आपटेकर हे आडनाव आपट्यात राहिल्याचा पुरावा कमी आणि आपटा सोडल्याचा पुरावा जास्त.

आमच्या कंपनीची एक टीम इस्राएलमध्ये आहे. तिथल्या एका सहकारी मुलीने एकदा कामाचं बोलणं संपल्यावर मेसेज केला. तिच्या आजीचं माहेरचं आडनाव आपटेकर होतं. आजीचा जन्म मुंबईचा, १९५० च्या दशकात ती इस्राएलला गेली. नात हिब्रू बोलते, इंग्रजी बोलते, आणि मराठीतलं 'जेवलीस का' आणि 'बस गं' एवढं तिला येतं. तिचा प्रश्न साधा होता. तुझ्या गावात आमच्या लोकांचा एखादा कागद मिळेल का?

शेजाऱ्यांच्या घरी कागद असतात

पूर्वज शोधण्याचा छंद आता जगभर मोठा धंदा झाला आहे. त्याचे दोन मुख्य आधार आहेत: जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या. ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरोघरचे फॉर्म साधारण शंभर वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. १९२१ चे फॉर्म ६ जानेवारी २०२२ ला ऑनलाइन आले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे, तिथे १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला उघडली. आपल्या पणजोबाचं नाव, वय, धंदा, जन्मगाव, घरात कोण कोण होतं, हे सगळं तिथला माणूस मोबाइलवर वाचतो.

आपल्याकडे सगळ्या देशाची एकाच वेळी केलेली पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हाही गणक घरोघरी गेलेच होते. पण आपल्यापर्यंत पोहोचले ते छापील तक्ते: जिल्ह्यात अमुक धर्माचे इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. माणसं मोजली गेली आणि बेरजेत विरून गेली. स्वतंत्र भारतात तर १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ स्पष्टच सांगतं, की गणकाने केलेल्या नोंदी कोणालाही पाहायला मिळणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. शंभर वर्षांनी उघडण्याची सोयही त्यात नाही. माणसाने निर्धास्तपणे खरी माहिती द्यावी म्हणून ही गुप्तता आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे आपल्या पणजीला जनगणनेत शोधता येत नाही.

राहिल्या चर्चच्या नोंदी. त्या आपल्याकडेही आहेत, अगदी जवळ. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशमध्ये लग्नाची आणि बाप्तिस्म्याची वही ठेवायला सांगितली. पोर्तुगीज सत्तेबरोबर ही पद्धत वसईला आणि गोव्याला आली. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली, पण वह्या ठेवायची पद्धत मोडली नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं नाव, आईबापांची नावं, साक्षीला उभे राहिलेले धर्ममातापिता आणि तारीख असते. ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्रीही मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून त्यांच्या नकला लंडनला पाठवत. त्या आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

माझ्या मैत्रिणीची आजी मात्र यातल्या कुठल्याच वहीत बसत नव्हती, कारण तिचं घराणं बेने इस्राएल.

शनवार तेली

कोकणातल्या या ज्यूंची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज जहाजातून येत असताना अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना नवगावात पुरलं, तिथे आज स्मारक आहे. वाचलेले लोक गावोगाव पसरले, घाण्यावर तेल गाळू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पोथ्या जहाजाबरोबर बुडाल्या, हिब्रू विसरली, मराठी घरची झाली. उरलं ते शब्बाथ पाळणं, मुलांची सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द.

यातलं लेखी किती? बाहेरच्या माणसाने त्यांच्याबद्दल लिहिलेल्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी एक १७३८ चा आहे, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रातला. १७६८ मध्ये कोचीनचे ज्यू व्यापारी इझिकेल राहबी यांनी अ‍ॅम्स्टरडॅमला लिहिलेल्या पत्रातही कोकणातल्या या तेली ज्यूंचा उल्लेख येतो. पहिलं सिनेगॉग त्यानंतर, १७९६ मध्ये, मुंबईत झालं. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी 'शाआर हारहामीम' बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. ज्या समाजाला १७९६ पर्यंत प्रार्थनाघर नव्हतं, त्याच्याकडे त्याआधीची नोंदवही कुठून असणार?

वहीचं काम तिथे आडनावाने केलं. बेने इस्राएलांची अशी शंभरावर आडनावं कोकणातल्या गावांवरून आलेली आहेत: नवगावकर, झिराडकर, पेणकर, अष्टमकर, राजपूरकर, आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर, म्हणजे किहीमचे. ही सगळी गावं नकाशावर टाकली तर समाज कुठून कुठे पसरला ते दिसू लागतं. गर्दी अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात. आपटा या पट्ट्याच्या उत्तर टोकाला आहे. धरमतरच्या खाडीतून पाताळगंगेत शिरलं की ती वाट आपट्याच्या दिशेने येते आणि पुढे बोरघाटाच्या पायथ्याकडे जाते. तेल विकणाऱ्याला अशी जागा सोयीची.

सिनेगॉगची सालं जोडीला घेतली की दुसरी रेषा दिसते. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. पनवेलच्या 'बेथ एल'ला आपट्यातला माणूस सणाला जाऊन येऊ शकतो. पनवेलात वस्ती वाढली, पुढे मुंबईत गिरण्या, रेल्वे, फौज, कचेऱ्यांत नोकऱ्या मिळू लागल्या, आणि खेडं रिकामं होत गेलं. मुंबईत पोहोचल्यावर लोक विचारणार, कुठले तुम्ही? आपट्याचे.

पण इथेच एक अडचण आहे. आडनाव शेवटचा मुक्काम सांगतं, त्याआधीचे नाही. आपटेकरांचे पूर्वज आपट्याला यायच्या आधी पेणला होते की नवगावला, हे त्या शब्दात नाही.

सॅम्युएल आणि समाजी

मग मी माझ्या धंद्याची हत्यारं काढली. दोन वेगळ्या कागदांवरची दोन नावं एकाच माणसाची आहेत का, हे ठरवण्याला आमच्याकडे 'रेकॉर्ड लिंकेज' म्हणतात. हा शब्द १९४६ मध्ये हॅलबर्ट डन यांनी वापरला. त्यांची कल्पना अशी, की प्रत्येक माणसाचं आयुष्य हे एक पुस्तक आहे, जन्माच्या नोंदीने सुरू होणारं आणि मृत्यूच्या नोंदीने संपणारं, आणि विखुरलेली पानं शिवणं हे काम. १९६९ मध्ये फेलेगी आणि संटर यांनी त्याचं गणित मांडलं. गाभा सोपा आहे: जुळणारी गोष्ट जितकी दुर्मीळ, तितकं तिला वजन जास्त. मुंबईतल्या दोन कागदांवर 'आपटेकर' जुळलं तर ते भरपूर बोलतं. आपट्यातल्या दोन कागदांवर 'राहणार आपटे' जुळलं तर काहीच बोलत नाही. गावकऱ्यांना हे संटर यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, म्हणून तर '-कर' गाव सोडल्यावरच लागतं.

नावं जुळवायची जुनी युक्ती म्हणजे साउंडेक्स. १९१८ मध्ये रॉबर्ट रसेल यांनी तिचं पेटंट घेतलं आणि १९३० च्या दशकात अमेरिकेने आपल्या जुन्या जनगणनांची सूची तिच्यावर केली. नावाचं पहिलं अक्षर आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे, एवढाच कोड. स्मिथ आणि स्मिथे एकाच खणात पडतात. आता बेने इस्राएल नावं घ्या. सॅम्युएलचं घरगुती मराठी रूप समाजी, इझिकेलचं हसाजी. सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर. साउंडेक्सला सॅम्युएल दिसतो एस-५४० आणि समाजी एस-५२०. इझिकेल ई-२२४, हसाजी एच-२२०, म्हणजे पहिलं अक्षरही वेगळं. यंत्राच्या लेखी ही चार वेगळी माणसं. अशा ठिकाणी सूत्र चालत नाही, हाताने केलेली यादी लागते: मुसाजी म्हणजे मोझेस, एलोजी म्हणजे एलिजा. ही यादी ज्यांना तोंडपाठ होती त्यांचं वय आज नव्वदीच्या पुढे आहे.

त्यात इंग्रजी कागदांवर आडनावच गळतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, संपलं. मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना लागणारा ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे, ते १९३७-३८ चे महापौर डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, नट डेव्हिड अब्राहम, हे चेऊलकर, म्हणजे चौलचे. कवी निस्सीम इझिकेल यांचं घराणं तळकर. गाव आडनावात होतं आणि आडनाव पाटीवर आलं नाही. 'अब्राहम डेव्हिड' एवढंच लिहिलेल्या कागदावरून तो आपट्याचा की चौलचा, हे कसं कळणार?

तिसरी गंमत जिल्ह्याची. आपटा आज रायगडमध्ये आहे. हे नाव १९८१ चं, त्याआधी कुलाबा. पण पनवेल तालुका कुलाब्यात आला १८८३ मध्ये, त्याआधी तो ठाण्यात होता. म्हणजे १८८१ च्या जनगणनेत आणि १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये पनवेलकडचे ज्यू शोधायचे तर ठाणे जिल्ह्याचा खंड उघडायचा. कुलाब्याचा १८८३ चा खंड उघडणाऱ्याला अलिबाग-पेणचं वर्णन मिळेल, आपटा नाही. गाव जागचं हललं नाही, पण त्याचा पत्ता शंभर वर्षांत दोनदा बदलला.

पुरावा मागणारे

इथवर हा एक छंद होता. मग मैत्रिणीने सांगितलं, की आजी तिच्या लग्नाच्या गोष्टीत एक वाक्य नेहमी म्हणायची: आम्हाला विचारलं, तुमची आई खरी ज्यू कशावरून?

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. सुरुवात कठीण होती. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी भेदभावाविरुद्ध धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि शंभराहून अधिक जण खरंच परत आले. पुढे त्यातले बहुतेक पुन्हा इस्राएलला गेले. मोठा वाद लग्नावरून झाला. तिथे ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या हाती. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या: बेने इस्राएल वर किंवा वधू आली तर तिची आई, आईची आई, आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या ज्यू होत्या का, कोणी बाहेरचं लग्न केलं होतं का, हे तपासा.

ही मागणी जरा थांबून वाचायला हवी. ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं, म्हणून पुरावा आईच्या बाजूचा मागितला. आता कोकणातल्या कागदांकडे बघा. आडनाव बापाचं. सातबारावर नाव बापाचं, भावाचं, मुलाचं. फौजेच्या यादीत तर फक्त पुरुष. लग्नाच्या करारात, म्हणजे केतुबामध्ये, वधूची ओळख अमक्याची मुलगी अशी, आणि तो अमका म्हणजे तिचा बाप. बाई लग्न करून गेली की पेणकरची झिराडकर होते आणि तिची आई कोण हे कागदातून पुसलं जातं. म्हणजे ज्या समाजाने आपला सगळा इतिहास आडनावात बांधून आणला होता, त्याच्याकडे नेमका तोच धागा मागितला गेला जो आडनाव कधीच धरून ठेवत नाही. युरोपातल्या कित्येक ज्यूंकडेही तेव्हा कागद उरले नव्हते, ते युद्धात जळले होते. पण वेगळी सूचना काढली गेली ती कोकणातून आलेल्यांसाठी.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १७ ऑगस्ट १९६४ ला इस्राएलच्या संसदेने विशेष बैठकीत जाहीर केलं, की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्यानंतर सूचनेतून त्यांचं नाव काढलं गेलं. कागद सापडला म्हणून हा निकाल लागला नाही. माणसं रस्त्यावर बसली म्हणून लागला.

शास्त्राने यावर काय म्हटलं? २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे ठळक निघाले आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचं असावं असा अंदाज निघाला. समुद्रातून कोणीतरी आलं ही आठवण खोटी नव्हती. पण हा आकडा मिश्रणाचा आहे, जहाज कधी फुटलं याचा नाही. आणि त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग तितकाच खरा: या घराण्यांची कितीतरी पणजी-खापरपणजी इथल्याच मातीतली होती. त्यांची नावं कुठेच नाहीत.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे

हे फक्त ज्यूंचं आणि इस्राएलचं म्हणून सोडून देता येत नाही. २०२३ च्या शेवटी महाराष्ट्रात घराघरांत जुने कागद निघाले. मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना नंबर १४, हे शब्द एकदम सगळ्यांच्या तोंडी आले. मोडी वाचणाऱ्यांना दिवस आले. गोव्यात कित्येक कुटुंबं १९ डिसेंबर १९६१ पूर्वीची आजीआजोबांची जन्मनोंद शोधतात, कारण तिच्यावर पोर्तुगालचं नागरिकत्व उभं असतं. प्रत्येक ठिकाणी गोष्ट एकच. पूर्वज जिव्हाळ्यासाठी शोधला जातो तेव्हा आठवण पुरते, हक्कासाठी शोधला जातो तेव्हा शिक्का लागतो. आणि ज्यांच्या दारात कधी वही आलीच नाही, त्यांना शिक्का कोण देणार?

मैत्रिणीला मी शेवटी चार पानं लिहून पाठवली. आपट्याचा नकाशा, पनवेलच्या सिनेगॉगचं साल, ठाणे-कुलाबा-रायगड हा पत्त्यांचा क्रम, आणि शोधायच्या जागा: सिनेगॉगची लग्नवही, कबरस्तानातले दगड. बेने इस्राएल कबरींवर हिब्रूच्या शेजारी मराठी असतं, नाव असतं, तारीख असते, आणि कधीकधी गावही. २०११ च्या जनगणनेत भारतभरात ज्यू उरले होते ४,६५०, त्यातले निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात. दगड वाचणारे त्यांच्यापेक्षाही कमी.

तिने स्वतः केलेलं काम मात्र माझ्या चार पानांपेक्षा मोलाचं निघालं. तिने आजीच्या धाकट्या बहिणीला फोन लावला आणि फक्त बायकांची नावं विचारली. आई, आईची आई, तिची आई, आणि प्रत्येकीचं माहेर. चार नावं मिळाली. तीन '-कर' आणि चौथीचं नुसतं गाव. चौथी आपट्याची नव्हतीच. ती लग्न होऊन आपट्याला आली होती.

पुढची जनगणना २०२७ ची आहे, ती मोबाइलवर होणार आहे, आणि तिच्यातलीही तुमची नोंद कलम १५ मुळे तुमच्या पणतूला दिसणार नाही. दुसरीकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लागतं. कित्येक शतकं जो धागा आपले कागद टाकून देत होते तो आता कुठे नोंदला जातो आहे. पण तो पुढच्यांसाठी. मागच्यांची वही अजून फोनवरच आहे, पलीकडे आजी उचलते तोवर. तिला तिच्या आईचं माहेरचं नाव विचारा, गाव विचारा, आणि आजची तारीख घालून लिहून ठेवा.